चार कुलपं आणि पाचवा दिवा

खून व्हायला माणसं लागतात, हे विमलाकाकीचं पहिलं मत. मारणारा एक आणि मेलेला एक, हे तर झालंच. पण त्याशिवाय संशय घ्यायला निदान पाचसहा जण, खिडकीतून वाकून बघणारी एक शेजारीण, उठल्यासुटल्या चहा करणारी एक बाई आणि शेवटी सगळं उलगडून सांगणारा एक शहाणा. एवढी माणसं आणायची कुठून? काकीच्या वाडीत घरं पाच. चार घरांना कुलपं आणि पाचव्यात काकी. "मला कोणी मारलंन तर शोधायचं कोणी? आणि मी मारायचं म्हटलं तर मारू कोणाला, वानरांना?" असं ती म्हणायची.

कोणाला म्हणायची, ते येईलच पुढे.

विमला रेवाळे तिचं नाव. दापोलीहून सुटलेली एसटी डोंगर उतरून शेवटच्या थांब्यावर सोडते, तिथून दगडी पायऱ्यांची पाखाडी चढून गेलं की तिची वाडी. जन्मभर तिनं अंगणवाडीत पोरं सांभाळली. ती पोरं मोठी होऊन मुंबईला गेली, त्यांना पोरं झाली ती तिकडेच झाली, आणि अंगणवाडीत बसायला कोणी उरलं नाही त्या सुमाराला काकीही निवृत्त झाली. नवरा मुंबईत कंपनीत होता. त्याच्याबरोबर तिचा संसार झाला तो शिमग्याचा आणि गणपतीचा, बाकीचं वर्ष वाट बघण्याचं. एका गणपतीला तो आला नाही, त्याची बातमी आली. मुलगी शमिका लग्न होऊन विरारला गेली. झाली की गोष्ट! सांगून दोन मिनिटांत संपते, जगताना मात्र संपता संपत नाही.

आता ती कुलपं. मुंबईकर जाताना किल्ली काकीकडे ठेवून जायचे. "काकी, तेवढा दिवा लावत जा गो." घर बंद असलं तरी तिन्हीसांजेला काळोखात ठेवू नये, ही आपल्याकडची रीत. दारामागच्या खुंटीला चार किल्ल्या लटकलेल्या असत. सूर्य कलला की काकी त्या घेऊन निघायची. वरच्या घरापासून सुरुवात. कुलूप काढायचं, बटण दाबायचं, पडवीतला बल्ब लागला की देवाच्या दिशेनं हात जोडायचे, कुलूप लावायचं, पुढचं घर. अशी चार घरं झाली की मग आपलं. स्वतःचा दिवा सगळ्यात शेवटी, पाचवा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय भरलेली वाडी आहे! सकाळी उठून पुन्हा हीच फेरी, दिवे बंद करायची. पायांना व्यायाम होतो म्हणायची. व्यायामच तो, दुसरं काय म्हणणार?

उरलेला दिवस ती पुस्तकांवर काढायची. दापोलीच्या वाचनालयात नवीन काय आलंय ते तिला ग्रंथपालाच्या आधी माहीत असायचं.

हल्ली खुनाच्या पुस्तकांची एक नवी तऱ्हा निघालीय. रक्त नाही, किंकाळी नाही. टुमदार गाव, केक करणारी बाई, तिची गुबगुबीत मांजर आणि दर पुस्तकात एक गोडसा खून. बाहेरची भाषांतरं येतातच, आता आपलेही लोक लिहायला लागलेत, थंड हवेच्या गावात चहाचं दुकान वगैरे. काकी ती वाचायची आणि चिडायची. "अगो, दर दोन महिन्यांनी मुडदा पडतो त्या गावात, तरी लोक तिथे घरं घेतात! आणि चहातून विष घालून माणूस मेला, त्याच्याच घरी सगळे जमून परत चहा पितात. ह्यांना काय जीव नकोसा झालाय?" पोलिसांबद्दल तर विचारूच नका. त्या केकवालीनं येऊन पुरावा हातात दिल्याशिवाय त्यांना काही म्हणून दिसत नाही. खुनी मात्र काकी अर्ध्या पुस्तकात पकडायची. तिचा एक ठोकताळा होता: जो न बोलावता मदतीला येतो, तोच. दहातल्या नऊ वेळा तोच निघायचा.

आणि प्रेमाच्या कादंबऱ्या? त्यांच्यावर तर विशेष राग. सध्या ज्या निघतात त्यांत दुसऱ्या पानावर नायिका पुण्यातली मोठी नोकरी सोडते आणि कोकणात येऊन होमस्टे काढते. मग तिला भेटतो दाढीवाला बागायतदार. डिसेंबरात तो तिला झाडावरून पिकलेला हापूस काढून देतो. "डिसेंबरात!" काकी ओटीवर एकटीच ओरडायची. "मोहोर तरी आलाय का मेल्या?" त्या नायिकेच्या परसात एक वानर येत नाही, नळाचं पाणी जात नाही, पावसात तिच्या भिंतीला ओल चढत नाही. तेही काकी सोसायची. पण एक गोष्ट तिला अजिबात सोसत नव्हती. तो बिचारा पन्नासाव्या पानावर विचारतो आणि ही बया तीनशेव्या पानापर्यंत उत्तर देत नाही! वाचणाऱ्याला कळतं, मांजराला कळतं, हिलाच कळत नाही. "हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण एकदाचं म्हण की गो!" असं म्हणून तिनं एक पुस्तक खरोखर भिंतीवर फेकलं होतं. वाचनालयाचं होतं म्हणून मग उठून पुसून ठेवलं.

तर हे सगळं ती ज्यांना ऐकवायची ते म्हणजे मास्तर.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीतले. आत्माराम भुवड, निवृत्त कंडक्टर. आपल्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात ते म्हणतातच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सर्वेश मुंबईला. त्यांची आणि काकीची ओळख भांडणातून झाली. एकाच नव्या पुस्तकावर दोघांचा हात पडला. मास्तर म्हणाले, "घ्या तुम्ही ताई, मी मागाहून वाचीन." काकीनं ते वाचलं, पुढच्या बुधवारी परत करताना ते तिथेच उभे होते, आणि पुस्तक त्यांच्या हातात देता देता ही बोलून गेली, "फुकट वेळ घालवू नका, माळ्यानं मारलंय." झालं! ज्यानं खुनी सांगितला त्याच्याशी माणूस जन्मात बोलणार नाही. मास्तर हसत सुटले. म्हणाले, "बरं केलंत. मला खुनी कोण त्याच्याशी काय देणंघेणं नाय. त्या माळ्याचं आणि मालकिणीच्या भाचीचं जमतं का, तेवढं सांगू नका."

तेव्हा काकीला कळलं की हा मिशीवाला माणूस प्रेमकथा वाचतो. नुसता वाचतो नाही, लपवून वाचतो. मिठी मारलेलं जोडपं असलेलं मुखपृष्ठ, म्हणून त्यावर जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर. वरून दिसायची एकादशी आणि संकष्टी, आत होमस्टे.

मग दर बुधवारी स्टँडच्या बाकावर दोघं बसायला लागली. घरं समोरासमोर, पण गावं वेगळी. मध्ये दरी, दरीत भाताची शेतं आणि पऱ्ह्याचं वाहतं पाणी, ते ओलांडायला एक साकव. पायी उतरून चढलं तर फार काही नाही, पण एसटी म्हणाल तर दोन्हीकडच्या गाड्या दोन दिशांना सुटायच्या. त्यामुळे गाडी लागेपर्यंत बाक आणि गाडी लागली की संपलं.

"तुमच्या खुनांच्या पुस्तकात माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत," मास्तर म्हणायचे. "जबाब देतात नुसते. काल रात्री कुठे होता, परवा कुठे होता. माझ्या पुस्तकात निदान जेवलीस का म्हणून तरी विचारतो कोणीतरी."

"जेवलीस का विचारायला तीनशे पानं कशाला लागतात?"

"लागतात हो. काही माणसांना लागतात."

कंडक्टरकीत जन्म गेल्यामुळे जोडपी ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. कोण एकमेकांना ओळखत नसल्यासारखं वेगवेगळी तिकिटं काढतं आणि मग एकाच बाकावर बसतं, हे त्यांना घंटी मारायच्या आधी समजायचं म्हणे. "आणि त्यातले उतरताना मागे वळून बघणारे खरे," असं ते सांगायचे. काकी म्हणायची, "पुरे तुमचं." पण गाडीत चढताना तिला मागे वळून बघायची सवय होती. ती त्या दिवसापासून तिनं प्रयत्न करून मोडली.

एकदा बोलता बोलता मास्तर म्हणाले, "तुमच्या वाडीतले दिवे माझ्या खळ्यातून दिसतात. एकेक करून लागतात. पाचवा लागला की समजतो, आली बाई घरी. मग मी माझा लावतो."

 घरी येऊन त्या तिन्हीसांजेला काकीनं पाचवा दिवा लावला आणि ओटीवर उभी राहिली. पलीकडे काळोखात झाडं होती तेवढीच. मग टपकन एक दिवा लागला. किती वर्षांनी कोणीतरी तिच्या घरी पोचण्याची वाट बघत होतं! ती आत जाऊन उगीचच रडली आणि मग स्वतःलाच रागावली, साठी उलटली आणि काय हे.

ताई म्हणणं मास्तरांनी कधी सोडलं ते तिच्या ध्यानात आलं नाही. नुसतं "अहो" म्हणायचे. फोन नंबर? अहो, एवढी वर्षं बाकावर बसून नंबर कोणी मागितलाच नाही. नंबर मागायचा म्हणजे काहीतरी ठरवल्यासारखं होतं. दोघांनाही लाज.

श्रावणातल्या एका बुधवारी वाचनालयात नवी प्रेमकथा आली होती आणि एकच प्रत. आधी कोणी न्यायची यावरून दोघांची नेहमीची हुज्जत झाली. शेवटी मास्तरांनी ती काकीच्या पिशवीत घातली. गाडी लागली होती, काकी उठली. तेव्हा बाकाकडे बघतच ते म्हणाले, "मी काय म्हणतो, दोघांनी एकाच घरात वाचलं तर पुस्तक एकदाच आणावं लागेल."

काकी जागच्या जागी थिजली. गाडीवाला हॉर्न मारतोय, पाऊस भुरभुरतोय, आणि ती पिशवी छातीशी धरून उभी. तिला एवढंच सुचलं, "हे वाचून संपवते. मग सांगते."

"सावकाश वाचा," मास्तर म्हणाले. "संपलं की आणून द्या. मी काय, घरीच असतो."

गाडीत बसल्यावर तिनं मागे वळून बघितलं. सवय मोडली होती तरी बघितलं.

मग आले गणपती. कुलपं निघाली, वाडी भरली, चारही घरांत चुली पेटल्या, आरत्या, भजनं, पोरांचा धुडगूस. काकी सगळ्यांची काकी झाली. कोणाच्या मोदकांना उकड काढून दे, कोणाच्या सुनेला गौरीचं सांग. त्या गडबडीत पलीकडे बघायला सवड कोणाला? आणि बघून कळणार काय, दरीच्या दोन्ही अंगांना माळाच माळा लुकलुकत होत्या. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मात्र तिच्या मनात यायचं, ह्यांना कळलं तर? लोक काय म्हणतील? विमलाकाकी, ह्या वयात, कंडक्टरबरोबर!

विसर्जन झालं. गाड्या भरून मुंबईकर निघून गेले. चार किल्ल्या खुंटीला परत आल्या. आणि काकी पडवीत उभी राहून स्वतःशीच म्हणाली, लोक म्हणजे कोण गो? ही चार कुलपं?

त्या संध्याकाळी ती दिवे लावायला निघाली. पहिल्या घराचं कुलूप काढायच्या आधी सहज पलीकडे नजर गेली, तर मास्तरांचा दिवा लागलेला! अजून उन्हं माडांच्या शेंड्यावर होती. पाचव्यानंतर लावणारा माणूस आज पहिल्याच्याही आधी लावून बसला होता. काकीला हसूच फुटलं. घाई झालीय म्हाताऱ्याला. पुस्तक संपलं का, म्हणून विचारतोय.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी ती दिवे बंद करायला जायची तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं असायचं, तरी पलीकडचा दिवा जळतच असायचा. वाचत बसला असेल रात्रभर, काकी म्हणायची, बिल कोण भरणार आहे?

पुस्तक तर तिचं केव्हाच संपलं होतं. दोनदा. नायिकेनं दोन्ही वेळेला तीनशेव्या पानावर हो म्हटलं. पण काकीच्या तोंडून काही ते निघेना. बुधवार आला की तिचे गुडघे दुखायला लागायचे. किराणा आणायला ती दापोलीला गेली ती शनिवारी, मुद्दाम वार चुकवून. काय बोलणार होती त्यांच्याशी? हो म्हणायची भीती, आणि नाही म्हणायची त्याहून जास्त. जाऊ दे, घाई काय आहे, दिवा तर दिसतोय. माणूस आहे तिथे. रोज तिन्हीसांजेला ती तो दिवा बघायची आणि तिला बरं वाटायचं. बरं वाटण्यात दिवस निघून जातात, हे कोणी सांगायला नको.

घट बसले, उठले. भात पिकून पिवळं झालं, कापणी सुरू झाली. एका संध्याकाळी शमिकाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, "आई, सध्या काय वाचतेस?"

काकीच्या तोंडून निघून गेलं, "आहे एक नवीन. एक बाई आहे, माझ्याएवढी. एकटी. आणि एक निवृत्त माणूस आहे, तोही एकटाच. तो तिला विचारतो."

"मग?"

"मग काय, ती उत्तर देत नाय. वाचते मेली नुसती."

"का पण? घरात कोण आडवं आहे?"

"मुलगी आहे एक," काकी म्हणाली. "तिला काय वाटेल म्हणून..."

"अगं, मुलगी काय खाते तिला? उलट सुटले म्हणेल, आई एकटी पडून राहते म्हणून रोज जीव टांगणीला असतो तो तरी थांबेल," शमिका म्हणाली. "किती ओढतात गं हे लेखक! तो काय जन्मभर बसून राहणार आहे? दे फेकून ते पुस्तक, दुसरं आण."

फोन ठेवल्यावर काकी बराच वेळ हसत बसली. मग तिनं ट्रंक उघडून कॅलेंडरचं एक जुनं पान काढलं, पुस्तकाला नीट कव्हर घातलं आणि उशाशी ठेवून झोपली. इतकी गाढ झोप तिला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती चारच्या चहानंतर तयार झाली. ठेवणीतली हिरवी साडी नेसली, मग फार दिसतं म्हणून बदलली, मग पुन्हा तीच नेसली. चारही घरांचे दिवे तिनं जरा लवकरच लावून टाकले. स्वतःचा तेवढा राहू दिला. ती घरी आल्यावर लागणारा दिवा तो, आधी कसा लावायचा? परत येऊन लावू, आणि तेव्हा पलीकडून बघणाऱ्याला कळेल की आली बाई घरी.

पाखाडी उतरून ती शेतांच्या बांधावरून साकवापर्यंत आली. एवढ्या वर्षांत त्या बाजूला ती कधी गेली नव्हती. पलीकडची चढण चढताना गुडघे अजिबात दुखले नाहीत. वर आल्यावर दिवा समोरच दिसला. जांभ्याचं बैठं घर, पुढे सारवलेलं खळं, कडेला अबोलीची रोपं. दार उघडं होतं. पडवीतला बल्ब नेहमीसारखा उन्हं असतानाच लागलेला.

काकीनं पदर सारखा केला आणि हाक मारली, "मास्तर!"

आतून एक बाई बाहेर आली. डोक्याला फडकं, हातात कोयती, कमरेला किल्ल्या. भात कापून थेट आलेली दिसत होती. "कोण हवंय?"

"मास्तर... भुवडमास्तर आहेत का?"

त्या बाईनं कोयती खाली ठेवली. ती शेजारची कमला. बोलकी, प्रेमळ बाई. "आत्मारामदादा? अहो, तुम्हाला नाय समजलं? गणपती झाले आणि दुसऱ्याच दिवशी छातीत दुखायला लागलं. सर्वेश हितंच होता, तसाच गाडीत घालून मुंबईला नेलान. हॉस्पिटलात ठेवलं होतं. पण काय नाय झालं. घट बसायच्या आधीच गेले. कार्य पण तिकडेच केलंनी."

काकीच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. तिनं बल्बकडे बघितलं. "पण दिवा..."

"तो होय, तो मी लावते. किल्ली माझ्याकडे आहे ना. शेतातून येते तशी लावून टाकते, परत काळोखात कोण येतो? सकाळी गुरं सोडून झाली की मग बंद करते." कमला खळ्याच्या कडेला टेकली. "दिवा लावला म्हणजे बरं असतं हो. घरात माणूस आहे असं वाटतं."

"हो," काकी म्हणाली. "वाटतं."

चार घरांत जन्मभर हेच करत आली होती ती! रिकाम्या घराचा दिवा कसा असतो ते साऱ्या तालुक्यात तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? लवकर लागणारा, उशिरा बंद होणारा, दुसऱ्याच्या सवडीनं चालणारा. रोज डोळ्यांसमोर जळत होता. खुनी अर्ध्या पुस्तकात ओळखणारी ही बाई, आणि एवढं तिला ओळखता आलं नाही. खुणा सगळ्या केकवालीच्या होत्या आणि तिनं त्या होमस्टेवालीसारख्या वाचल्या. तिला स्वतःचा इतका राग आला की ओरडावंसं वाटलं. पण ओरडायला हे तिचं घर नव्हतं.

"जाताना सुद्धा बघा," कमला सांगत होती, "गाडीत बसवला, श्वास धड लागत नव्हता, तरी मला म्हणतोय, कमले, दिवा लावत जा. एक दिवस चुकवू नको, पलीकडून बघणाऱ्याला वाटेल काय झालं. मी म्हटलं, पलीकडून कोण बघतंय तुमचा दिवा! तर नुसता हसला." तिनं डोळे पुसले आणि मग काकीकडे नीट निरखून बघितलं. हिरवी साडी, हातात कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी. "तुम्ही कोण त्यांच्या?"

काय सांगायचं? बाकाला काही नातं नसतं. ज्यांना कळवायला हवं अशा माणसांत तिचं नाव नव्हतं, कारण ते तिथे असावं म्हणून तिनं तोंडच उघडलं नव्हतं. हो म्हटलं असतं तर कोणीतरी पऱ्ह्या ओलांडून धावत आलं असतं. तिला गाडीत बसता आलं असतं. निदान रडता तरी आलं असतं, सगळ्यांच्यात बसून.

"पुस्तक द्यायचं होतं," काकी म्हणाली.

"ठेवा हितं. सर्वेश आला की देते."

"नको. वाचनालयाचं आहे."

कमलानं पाणी आणून दिलं. काकी ते उभ्यानंच प्यायली. काळोख पडायला लागला होता. कमला काकीशेजारी येऊन उभी राहिली आणि दरीपलीकडे हात करून म्हणाली, "तुम्ही त्या वाडीतून आलात ना? बरी भरलेली दिसते. चार घरं नांदती आहेत. ते एक तेवढं बंद आहे वाटतं, काळोखातलं. कोण राहत नाय का तिथे?"

काकीनं बघितलं. मास्तर रोज उभे राहत असतील त्याच जागेवरून तिनं पहिल्यांदा आपली वाडी बघितली. चार दिवे ओळीनं, स्वच्छ, शांत. आणि त्यांच्या शेवटी काळोख.

"ते माझं घर," ती म्हणाली. "बाकीची चार बंद आहेत."

कमला काहीतरी बोलणार होती, पण काकी खळ्यातून खाली उतरली होती. साकवावरून, बांधावरून, पाखाडीनं ती घरी आली. वाटेत एकदाही तिनं मागे वळून बघितलं नाही. ओटीवर पुस्तक ठेवलं, बटण दाबलं आणि पाचवा दिवा लावला. मग सवयीनं पडवीत येऊन पलीकडे बघत उभी राहिली. तिकडचा कधीचाच लागलेला होता.